लँप तापतायत

“मागं व्हा! समदे मागं व्हा! लँप तापतायत!”

हे ओरडणं कर्ण्यातून येत नव्हतं. कर्णा आंब्याच्या फांदीला गप्प टांगलेला होता. ओरडत होता खुशाबा, आणि ज्याच्यावर ओरडत होता तो नवरदेव होता. अंतरपाट धरलेला, भटजींच्या तोंडात मंगलाष्टकाचा पहिला शब्द येऊन अडकलेला, वऱ्हाडाच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजून त्यांचा भात व्हायची वेळ आलेली. नवरदेवाचा गुन्हा एवढाच, की मुंडावळ्या सावरताना त्याचं कोपर टेबलावरच्या करड्या लोखंडी पेटीला लागलं होतं.

“अहो, मुहूर्त चाललाय,” भटजी म्हणाले.

“जाऊ द्या की. मुहूर्त दुसरा मिळंल. लँप फुटला तर मिळंल का दुसरा?”

मुहूर्त गेला. लग्न लागलं ते खुशाबाचे लँप तापल्यावर. पुढं भटजीही शहाणे झाले, लग्नाची वेळ विचारायला कोणी आलं की पंचांग मिटून ठेवायचे आणि म्हणायचे, “खुशाबाला विचारा, किती वाजता तापवणार आहे.” त्या जोडप्याला जन्मभर कुठलीच वेळ साधली नाही. त्यांची चारही पोरं शाळेत उशिरा यायची, हे मी त्यांचा मास्तर म्हणून शपथेवर सांगतो.

ती पेटी म्हणजे आमच्या गावाचा अँप्लिफायर. त्यातले काचेचे लँप तापायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागत नाही, हे मला फार पुढं कळलं. तोवर खुशाबापायी आमच्या गावानं जेवढा वेळ उभ्यानं घालवला, तेवढ्यात मुळशीचं दुसरं धरण बांधून झालं असतं.

आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या अगदी काठावर. ते पाणी घाट उतरून खाली जायचं, तिथं त्याची वीज व्हायची आणि मुंबईला उजेड पडायचा. आम्ही मात्र रॉकेलच्या चिमणीत वाती सरकवत बसलेलो. मुंबईच्या गिरण्यांत गावची बरीच माणसं होती. त्यांच्या मनात आलं, गावाला काहीतरी द्यावं. विहीर द्यावी, शाळेवर पत्रे टाकावेत, असलं काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी अँप्लिफायर दिला. सोबत एक माईक, एक कर्णा आणि एक मोटारीची बॅटरी. ती बॅटरी उतरली की एस.टी.च्या टपावर बसून पौडला चार्ज व्हायला जायची आणि दोन दिवस पाहुणचार घेऊन परत यायची. गावात तिच्याइतका प्रवास कोणाचाच नव्हता.

आता ही पेटी चालवणार कोण? सरपंच होते आबा. भला माणूस, पण लोखंडाला आणि इंग्रजीला सारखाच भिणारा. आबांनी सभेत विचारलं, तेव्हा खुशाबा उठला आणि म्हणाला, “म्या मुंबईला रेडिओच्या कारखान्यात व्हतो.” होता, हे खोटं नाही. कारखान्यासमोरच्या हॉटेलातून आत चहा पोचवायला होता, आणि तोही पंधरवडाभर. नंतर हॉटेलवाल्यानं हाकलला. पण आमच्या गावात कोणी मुंबईहून नुसता रडत आला तरी लोक त्याला सूर विचारत. खुशाबा ऑपरेटर झाला.

ऑपरेटर झाल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते काळा चष्मा घेण्याचं. दुसरं, खिशाला एक स्क्रू-ड्रायव्हर लावण्याचं. त्या स्क्रू-ड्रायव्हरनं त्यानं आयुष्यात एक स्क्रू फिरवला नाही. कान कोरायचा, दात कोरायचा, आणि कोणी बोलायला लागला की त्याच्या छातीवर त्याचं टोक टेकवून म्हणायचा, “तुमास्नी न्हाई कळायचं त्यातलं.” रंगानं काळा, त्यावर काळा चष्मा, आणि मान अशी मागं टाकलेली की पावसात उभा केला तर नाकात तळं साचावं. ‘खुशाबा’ म्हटलं तर ओ द्यायचा नाही. ‘आपरेटर’ म्हटलं तर अर्धी मान वळवायचा. ‘आपरेटरसाहेब’ म्हटलं की काय काम आहे ते विचारायचा आणि नाही म्हणायचा.

पेटीच्या तोंडावर दोन खटके होते आणि चार गोल बटणं. पहिला खटका दाबला की लाल दिवा लागायचा आणि लँप तापू लागायचे. ते तापले की दुसरा खटका, मग आवाज. झालं. शाळेतल्या ढ पोराला दुपारच्या सुट्टीत शिकवून झालं असतं. खुशाबानं त्याची पूजा करून ठेवली. आधी वहाणा काढायच्या. मग पेटीवर तीन वेळा पाणी शिंपडायचं. विजेच्या यंत्रावर पाणी शिंपडणारा आणि तरीही जिवंत राहिलेला हा जगातला एकमेव ऑपरेटर असावा. विजेलाही त्याला शिवायची किळस आली असेल. मग उदबत्ती. मग पहिला खटका, आणि मग तो प्रसिद्ध हुकूम: “मागं व्हा.”

लँप तापेपर्यंत तो चारी बटणांवरून बोटं फिरवत राहायचा. डोळे मिटून. हे इकडं, ते तिकडं, तिसरं केसभर मागं, चौथं परत पुढं. मोठा गवई तंबोरा जुळवताना करतो तसं तोंड करायचा. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या बोटांत सरस्वती आहे.

आणि त्या बटणांवर काय लिहिलंय, ते वाचायची सोयच त्यानं ठेवली नव्हती. आमच्याकडं खंडेनवमीला नांगर, कोयते, सुताराची पटाशी, शिंप्याची कात्री, सगळ्याची पूजा होते. खुशाबानं पहिल्याच खंडेनवमीला पेटी पुजली आणि चारी बटणांना तेलात कालवलेलं कुंकू थापलं. दुसऱ्या वर्षी त्यावर दुसरा थर. पुसायचं तर पाप. काही वर्षांत बटणं राहिली नाहीत, चार शेंदरी म्हसोबा झाले. खालचं लिहिलेलं गेलं, बटण किती फिरलं ते दाखवणारी रेघ गेली. मी एकदा विचारलं, “खुशाबा, अरे कुठलं बटण कशाचं, ते कळतं का तुला?”

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर माझ्या छातीवर टेकवला. “गुरुजी, बापाला पोरं वळखायला पाट्या लागत न्हाईत.”

असली वाक्यं त्याच्याकडं पोत्यानं होती. माईकबद्दल तो म्हणायचा, “माईक म्हंजी कान न्हवं, नाक हाय. त्यो मान्साचा वास घेतो.” कर्णा शीळ घालू लागला, म्हणजे एकसारखा कर्कश किंचाळू लागला, की म्हणायचा, “सभेत कोन तरी खोटं बोलतोय.” एकदा ही शीळ एवढी चढली की कोळवणच्या खोऱ्यातल्या म्हशींनी त्या दिवशी दूध वर चढवलं, आणि तिथले लोक काठ्या घेऊन आमच्या गावाला जाब विचारायला निघाले. अर्ध्या वाटेवर शीळ ऐकून तेही परत फिरले. त्या वेळी माईकवर खुशाबा स्वतःच बोलत होता, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

पण हा नुसता हसण्याचा माणूस असता तर मी एवढी शाई खर्चली नसती. ज्याच्या हातात गावाचा आवाज, त्याच्या हातात गाव. हे त्याला लौकर कळलं. आमचे भजनी बुवा गणपतीत भजनाला बसले आणि त्याला आधी चहा विचारायला विसरले. सबंध भजन असं ऐकू आलं, की बुवा विहिरीत पडलेत आणि आतून कोणाला तरी निरोप सांगतायत. भजन संपलं. “आवाज का नाही रे दिलास?” बुवांनी विचारलं. “मशीनला मान्साची पारख असतीया बुवा,” खुशाबा म्हणाला. बुवा घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा पाठवला. मी तिथं होतो, आणि तो चहा त्यानं कपबशीचा आवाज करत कसा प्यायला ते मला आजही आठवतं. मला तो माणूस आवडला नाही. कधीच आवडला नाही.

आता सरूआत्याचं सांगतो.

सरूआत्या आमच्या शेजारची. माझी सख्खी आत्या नव्हे. पण गावात धाकटी-थोरली सगळी तिला आत्याच म्हणायची. नवरा लौकर गेला. खाचरात आंबेमोहोर लावायची, चार शेरडं राखायची. एकुलती एक मुलगी हिरा, ती पाण्यापलीकडच्या वाडीत दिलेली. धरण नव्हतं तेव्हा ती वाडी हाकेच्या अंतरावर, मधे नुसती नदी. धरणानंतर मधे समुद्र. जायला एक होडी, कोंडिबाची, आणि ती होडी कोंडिबाच्याच वयाची. चढाचा वारा सुटला की होडी बंद. पाऊस लागला की चार महिने बंदच म्हणायची. जमिनीवरून वळसा घालून जावं तर डोंगर चढून उतरून दिवस जायचा.

हिराचं पहिलं बाळंतपण श्रावणात आलं. पोट दुखायला लागलं. घरातल्यांनी काठावर येऊन होडीची वाट बघितली. वाऱ्यानं होडी आली नाही. पोर गेलं. हिरा वाचली, ती कशी वाचली ते तिलाच ठाऊक. आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. ते पुन्हा पावसाळ्यातच भरत होते.

त्याच वैशाखात बातमी आली, प्रांतसाहेब दौऱ्यावर येणार, सभा घेणार, गाऱ्हाणी ऐकणार. आबा आत्याकडं आले. “आत्या, होडीचं तूच सांग सायबाला. आमी सांगून आमचं त्वांड झिजलं. तुजं ऐकंल त्यो.”

“सांगीन की,” आत्या म्हणाली. “कुटं बसून सांगायचं?”

हा प्रश्न अडचणीचा होता. आमच्याकडं तेव्हा बायका मांडवात पुरुषांत बसत नसत, आणि व्यासपीठावर चढणं तर लांबच. त्या बसायच्या पलीकडं, काठाजवळच्या जांभळीखाली. मधे बैलगाड्यांची रांग, वारा, आणि मांडवाच्या कापडाची फडफड. तिथून बोललेलं साहेबाला ऐकू येणं शक्य नव्हतं.

“त्येची काळजी सोडा,” खुशाबा म्हणाला. “बायांसाठी दुसरा माईक लावतो. लांब वायर सोडतो. आत्या तितं बोलंल, सायेब हितं ऐकंल. पुन्यात असंच करत्यात.”

दुसरा माईक पुण्याहून आला. आत्याला खुशाबानं आदल्या दिवशी बसवून शिकवलं. मी कट्ट्यावर होतो, सगळं ऐकत होतो.

“आत्या, तुजा आवाज लई मोटा. माईकफुडं वरडायचं न्हाई. वरडलीस तर लँप फुटत्याल.”

“मग?”

“हळू. देवाशी बोलल्यागत. ओठातल्या ओठात. मशीन वाढवतं आपुआप.”

“मशीनला कळंल का माजं?”

“मशीनला समदं कळतंया.”

आत्या बिचारी रात्रभर ओठातल्या ओठात पाठ करत राहिली. जी बाई ओरडली तर पलीकडच्या काठावरची होडी सुटायची, ती बाई देवाशी बोलायचा सराव करत होती. काठावरच्या बायकांचा आवाजच तसा असतो. रोज पाण्यापलीकडं हाक घालून घालून तो तासला जातो. आत्याच्या हाकेनं एकदा धरणाचे दरवाजे आपोआप उघडले, असं आबा सांगतात. मी तेवढं म्हणत नाही. मी म्हणतो, एक उघडला असेल.

सभेचा दिवस उजाडला. साहेब आले, हार झाले, नारळ झाले. साहेब चांगला वाटला. पोरसवदा, चष्मा लावलेला, घड्याळाकडं न बघणारा. शेजारी त्याचा कारकून. खुशाबा व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, पेटीपाशी, पहिला माईक स्वतःजवळ धरून बसलेला. पाणी शिंपडून झालं. लँप तापून झाले. आबा बोलले, ऐकू आलं. साहेब बोलले, ऐकू आलं. “आता सरूआत्या दोन शबुद बोलतील,” आबा म्हणाले.

खुशाबानं डोळे मिटले आणि बोटं फिरवायला सुरुवात केली.

आत्या जांभळीखाली उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला, दुसऱ्या माईकजवळ तोंड नेलं आणि बोलू लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते. कर्ण्यातून काही येत नव्हतं. एक शब्द नाही, एक खरखर नाही. खुशाबानं हे बटण फिरवलं. ते फिरवलं. तिसरं फिरवलं तेव्हा त्याच्याच माईकचा आवाज जाडा झाला, एवढंच. चौथ्याला हात लावला न लावला. आत्या बोलतच होती. तिला वाटत होतं, सगळं पोचतंय. ओठातल्या ओठात, देवाशी बोलल्यागत. बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या, एकीनं डोळे पुसले. मांडवात आम्ही दीड-दोनशे माणसं बसलेलो, आणि तिनं आपल्या मेलेल्या नातवाचं काय सांगितलं ते आम्हांला कळलं नाही.

साहेब पुढं वाकले. “काय म्हणतायत बाई?”

आता इथं कुठलाही माणूस म्हणाला असता, माईक लागत नाही, थांबा. पाचवीतलं पोर म्हणालं असतं. पण मग आपरेटरसाहेबांना बटण कळत नाही, हे गावापुढं आलं असतं. खुशाबानं चष्मा सरळ केला, स्वतःचा माईक तोंडाशी घेतला आणि कर्ण्यातून गावभर म्हणाला:

“बाईमान्साचा आवाज बारीक, मशीन पकडत न्हाई. म्या सांगतो सायेब. बाई म्हनत्यात, सायेब आले, लई उपकार झाले. गावात समदं ठीक हाय. कायबी अडचन न्हाई.”

कारकुनानं मान डोलावून लिहून घेतलं. साहेब हसले, हात जोडले आणि कागद गोळा करू लागले.

मी उठलो होतो, हे खरं. पण माझ्या आधी आत्यानं ऐकलं होतं. आंब्यावरचा कर्णा जांभळीखालीही खणखणीत पोचत होता. तिनं माईककडं बघितलं. कर्ण्याकडं बघितलं. मग डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि साहेबाकडं पाठ केली. आम्हांला वाटलं, निघाली घरी. ती पाण्याच्या कडेला गेली, हात तोंडाशी धरला, आणि हाक घातली.

“ओ कोंडिबाऽऽऽ!”

आंब्यावरचे कावळे उडाले ते त्या वर्षी परत आले नाहीत. मांडवाचा एक खांब हलला. खुशाबाच्या पेटीवरची उदबत्ती विझली. आणि वाऱ्यावरून, पाण्यावरून, पलीकडच्या काठावरून चिलटाएवढा आवाज आला, “आलोऽऽऽ.”

मग आत्या वळली. त्याच आवाजात, माईकला वळसा घालून, बैलगाड्यांच्या रांगेवरून ती साहेबाला म्हणाली, “सायेब, बसा. ती होडी हितं लागंस्तवर उठायचं न्हाई.”

साहेब बसले. मी आजवर इतक्या झटक्यात कोणता अधिकारी बसलेला बघितला नाही.

मग आम्ही सगळे होडीकडं बघत बसलो. वारा मध्यमच होता, वैशाखातला. पलीकडून एक काळा ठिपका निघाला. तो पुढं यायचा, वाऱ्यानं बाजूला सरकायचा, थांबायचा. थांबला की कोंडिबा वल्हं टाकून डब्यानं आत साचलेलं पाणी उपसताना दिसायचा. पुन्हा वल्हं. पुन्हा डबा. साहेबानं चहा नाकारला. पाऊण तास सभा अशीच बसून होती, कोणी बोललं नाही. नाही म्हणायला मधेच कर्णा खेकसला, “शांतता राखा, लँप गरम हायेत.” शांतता त्याच्याखेरीज सगळ्यांनी राखली होती.

होडी लागली. कोंडिबा छातीपर्यंत भिजलेला, धापा टाकत वर आला.

“कोन आजारी हाय? कुनाला न्यायचंय?” त्यानं विचारलं.

“कुनाला न्हाई,” आत्या म्हणाली. “सायबाला दावायची व्हती.”

कोंडिबानं साहेबाकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि तिथंच मातीत बसला. “आगं, मग दमानं हाक घालायचीस की. मला वाटलं हिराचा कायतरी सांगावा आला तुला.”

साहेब उठून काठापर्यंत आले. गाड्यांची रांग ओलांडून, बायकांच्या बाजूला. होडीत घोट्याएवढं पाणी होतं. “पावसाळ्यात हीच चालते?” त्यांनी विचारलं.

“पावसाळ्यात हीबी चालत न्हाई,” आत्या म्हणाली. आता तिचा आवाज नेहमीचा होता. “माज्या लेकीचं पयलं लेकरू हिचीच वाट बघून गेलं. आता दुसरं हाय तिच्या पोटात. त्ये पावसातच यायचंय. म्या इतकंच सांगत व्हते मगापासनं.”

साहेबानं मागं वळून कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं मगाशी लिहिलेलं खोडलं.

हे होईतो खुशाबा काय करत होता म्हणाल, तर दुसऱ्या माईकची वायर तोंडात धरून फुंकत होता.

आठवड्याभरात पुण्याहून एक मेकॅनिक आला. माईक त्याच्याच दुकानातून आलेला. नादुरुस्त दिला म्हणून खुशाबानं त्याच्या नावानं बोंब मारली होती. मेकॅनिक पान खाणारा, तोंडाळ माणूस. त्यानं पेटी बघितली आणि विचारलं, “हे काय, रक्तबिक्त सांडलंय काय?” मग रॉकेलचा बोळा घेऊन बसला. कुंकवाचे थर खरवडायला त्यानं खुशाबाच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. त्या हत्याराला पहिल्यांदाच काम मिळालं. खालून पांढरी अक्षरं निघाली. पहिलं बटण एक नंबरच्या माईकचं. चौथं दोन नंबरच्या माईकचं. दुसरं ग्रामोफोनचं, आणि ग्रामोफोन आमच्या गावात नव्हताच. तिसरं आवाज जाडा-बारीक करायचं. चौथं बटण शून्याला चिकटून बसलं होतं. तेल आणि कुंकू आत उतरून घट्ट झालं होतं.

“किती वर्षं चालवतोस रे हे?” मेकॅनिकनं विचारलं.

“सुरुवातीपासनं.”

“आणि एवढी वर्षं चारही बटणं फिरवत होतास?”

“समदी.”

“त्यातलं आवाज देणारं एकच चालत होतं.”

मी, आबा आणि भजनी बुवा भिंतीला टेकून उभे होतो. बुवांचा चेहरा तर असा उजळला होता, की कोणी चिमणी लावली असती तर वाया गेली असती. खुशाबानं आमच्याकडं बघितलं, चष्मा लावला आणि म्हणाला, “त्ये मला म्हाईत व्हतं.”

आणि चारच दिवसांत गावानं नवी गोष्ट ऐकली. खुशाबानं दोन नंबरचा माईक मुद्दाम बंद ठेवला होता. का? तर आत्या नुसती बोलली असती तर साहेब ऐकून विसरला असता. हाक मारायला लावली म्हणून होडी त्याच्या डोळ्यांनी बघितली. “डोस्कं लागतं,” तो एस.टी.च्या थांब्यावर सांगायचा. “नुसता आवाज देनं म्हंजी आपरेटर न्हवं. कुटं आवाज द्यायचा न्हाई, त्ये कळाया पायजे.” नवीन आलेले ड्रायव्हर-कंडक्टर मान हलवायचे. पौडपर्यंत ही गोष्ट पोचली, तेव्हा तीत खुशाबा स्वतःच होडी वल्हवत होता.

तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गावात वीज आली, पोरांनी दुसरी यंत्रं आणली, तरी हा काळा चष्मा लावून कडेला उभा असायचाच, आणि पोरानं खटका दाबला की म्हणायचा, “तापू दे.” त्याच्या दहाव्याला पुष्कळ लोक आले. कोणी त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणून मी वाट बघत राहिलो. माणूस मेल्यावर तरी आपल्या लोकांत वाईट बोलत नाहीत. बोललं नाहीच कोणी, वाईटही नाही आणि चांगलंही नाही. मग मीही बोललो नाही. हे आता लिहितोय, कारण नुसता भला असलेला माणूस लोक आपणहून लक्षात ठेवतात, आणि असला माणूस विसरतात. आणि विसरले की दुसरा तयार होतो.

तर नव्या होडीचं राहिलं. त्या दिवशी काठावरून निघताना साहेबानं तिचा शब्द दिला होता, तो पाळला. ज्येष्ठाच्या तोंडावर, आभाळ भरून यायच्या आत, रुंद तळाची नवी होडी आली, तिला दोन सरकारी वल्हेकरी आले. कोंडिबा त्यांच्यावर मुकादम. आबांनी मुहूर्ताचा नारळ ठेवला. अर्थातच खुशाबानं पेटी आणली, कर्णा जांभळीवर चढवला आणि काठावर टेबल मांडलं. चार बटणांना पुन्हा ताजं कुंकू, पण या खेपेला टिकलीएवढंच. “मागं व्हा,” तो म्हणाला. गाव सवयीनं मागं झालं.

आत्या तेवढी मागं झाली नाही. ती नारळ फुटायच्या आधीच होडीत जाऊन बसली होती. मांडीवर गाठोडं, त्यात गोधड्या आणि सुंठीचा डबा.

खुशाबानं लँप तापवले. दोन नंबरचा माईक वायरीसकट होडीच्या कडेपर्यंत ओढत नेला, तिच्या तोंडापुढं धरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, “सरूआत्या, आज दोन नंबर फुल्ल सोडलाय. लँप फुटायचं भ्याव न्हाई. होडी कुनामुळं आली, त्ये तुज्या तोंडानं गावाला सांग.”

कर्णा चालू होता, त्यामुळं तिचं उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकलं, आणि पलीकडच्या वाडीनंही ऐकलं असावं.

“माईक काड वाटंतनं,” आत्या म्हणाली. “मला लेकीला आनायचीय.”